टाचण्यांचा हीटर

नणंद बाळाला घेऊन दवाखान्यातून संध्याकाळी घरी येणार होती, आणि तिच्यासाठी खोली गरम करायला हीटर लावला तर जळका वास सुटला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. इवल्याशा जिवाला गार खोलीत कसं ठेवायचं? मी हीटर बंद करून प्लग काढला.

"राहू दे गं चालू," सासूबाई शिलाई मशीनवरून म्हणाल्या. "धूळ असेल, जळून जाईल."

"आत काहीतरी खुळखुळतंय, आई. टाचणी पडली असेल."

"माझी टाचणी? माझी टाचणी कधी हरवत नाही!"

हा हीटर वर्षभर त्यांच्या मशीनला खेटून उभा असतो. एक कपडा शिवून झाला की सासूबाई उठतात आणि मांडीवरचे दोरे, कातरण सगळं तिथंच झटकतात. हे त्यांना सांगायची घरात कुणाची टाप नाही. नवरा तेवढ्यात स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला आणि जाळीतून आत खुपसायला लागला. मी त्याच्या हातातून तो काढून घेतला. "तार तुटली तर आज रात्री बाळाला तूच पोटाशी धरून बस!"

हीटर पुरता गार झाल्यावर मी तो गॅलरीत नेला. मागची जाळी काढली, तर दोरे-कातरणाचा हा एवढा थर! छोटी उशी सहज भरली असती. ओलं फडकं जवळपाससुद्धा येऊ दिलं नाही. मशीन साफ करायचा मऊ ब्रश सासूबाईंच्या खणातून न विचारता घेतला, हलक्या हाताने कचरा सुटा केला आणि व्हॅक्यूमने ओढून घेतला. खुळखुळ मात्र तशीच.

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. हातात त्यांचं लोहचुंबक, जमिनीवरच्या टाचण्या गोळा करायचं. त्यांनी त्याला दोरा बांधला आणि तारांना धक्का न लावता ते तळाशी सोडलं. टक्! एक टाचणी. मग दुसरी. मग एक घोसच वर आला.

"कधी हरवत नाही ना तुमची टाचणी?" मला राहवलं नाही.

"हरवली कुठेय? ही काय, इथंच होती!"

नवऱ्यासकट आम्ही तिघं पोट धरून हसलो.

जाळी परत बसवून हीटर हलवून पाहिला, आता आवाज नव्हता. मग खिडकी उघडी ठेवून, समोर उभं राहून तो चालवला. जरासा वास आला, थोड्या वेळात गेला आणि पुन्हा आला नाही.

संध्याकाळी बाळ आलं ते नुसतं गाठोडं, नाक तेवढं दिसत होतं. सासूबाईंनी हीटर पलंगापासून आणि पडद्यापासून स्वतः लांब सरकवला आणि एकेक दुपटं सोडवलं. गुलाबी पाय बाहेर आले आणि हवेत लाथा मारू लागले.

"दवाखान्यात इतका गारठा होता की मीसुद्धा तिचे पाय धड पाहिले नव्हते," नणंद म्हणाली.

मला वाटलं, आता आजीबाई नातीला सोडत नाहीत. पण त्यांनी तिला उचलून माझ्याकडे वळवलं. "मामीने घ्यायचं आधी. खोली तिनं उबदार केलीय."

मला केवढा आनंद झाला! मी हात पुढे केले. ते चिमुकले पाय माझ्या मनगटाला लागले, आणि ते छान गरम होते.