चावून दिलेलं बी

दुकानातल्या बियाण्याच्या पिशवीवर काहीही छापलेलं असू द्या, रेणापूरजवळच्या त्या गावाचा भरवसा होता नागुबाईच्या दाढेवर. दिवाळीच्या सुमाराला बाया पुढल्या पेरणीसाठी वाळवलेलं सोयाबीन ओंजळीत घेऊन तिच्या ओसरीवर यायच्या. ती चार दाणे तोंडात टाकायची अन् डोळे मिटायची. दाणा कट्कन फुटला की म्हणायची, "ठेव." जरासा दबला की म्हणायची, "अजून दोन उन्हं दे." झालं! तेवढ्या शब्दावर पोतं शिवलं जायचं. ओलं ठेवलेलं बी आतल्या आत मरतं, हे लेकरालाही ठाऊक. तरी पेरणीआधी गोणपाटात शंभर दाणे घालून उगवण बघायची तसदी कुणी घेत नव्हतं. कशाला घेतील? तीस वर्षांत बाई एकदा चुकली नव्हती. तिचं घर बौद्धवाड्यात; तिथं पाणी प्यायला ज्यांचा जीव कचरायचा, त्या घरच्या बायाही बी घेऊन गुमान तिच्याच दारात यायच्या. नागुबाईला याचा गर्व होता, आणि का नसावा?

पण मिश्रीनं हिरड्या खाल्ल्या. भाकरी दुधात कुस्करून गिळायची पाळी आली, तेव्हा लातूरला डाळ मिलमध्ये कामाला असलेला तिचा लेक प्रीतम हट्टाला पेटला. पोळ्याला सगळे दात काढले अन् दसऱ्याला कवळी बसली. नागुबाई शेंगदाणे खाऊ लागली, फोटोत हसू लागली. सगळं कसं झ्याक!

त्या दिवाळीलाही बाया आल्या. ऐन काढणीत पाऊस झालेला, माल ओलसरच होता. नागुबाईनं दाणे चावले. फुटले की! पण ते फुटणं तिला लांबून आल्यागत वाटलं, भिंतीपलीकडं कुणीतरी चावतंय असं. दारात नऊ बाया उभ्या. "कळंना गं मला" हे तीन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. ती म्हणाली, "ठेवा." नऊ घरांची पोती शिवली गेली.

जूनमध्ये पेरणीजोगा वाफसा आला आणि कधी नव्हे ते नागुबाईनं गुपचूप आपल्याच पोत्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले. सोमवारी सकाळी उलगडून बघते तर कोंब फक्त एकतीस दाण्यांना. बाकीचे बुरशी येऊन लिबलिबीत झालेले. मूठभर सोयाबीन पदरात बांधून तिनं तशीच लातूरची एसटी धरली.

कवळी बनवणारी दाताची डॉक्टर, आरती, तरणीच होती. नागुबाईनं टेबलावर दाणे ओतले. "बाई, ह्यातला ओला कोणता, वाळका कोणता, मला कळंना. तुमची कवळी बिघडली."

"कवळी चांगली आहे, मावशी," दाणे अन् कवळी दोन्ही तपासून डॉक्टर म्हणाली. "खरा दात हाडात ठोकलेला खिळा नसतो. बारीक बारीक तंतूंनी तो जबड्यात टांगलेला असतो, झोळीत लेकरू असतं तसा. त्या तंतूंत नसा असतात. जरासा दाब पडला तरी त्यांना कळतं. भातातला एवढासा खडा आपल्याला लागतो ना, तो त्यांच्यामुळं. दात काढला की ती झोळीच जाते. कवळी नुसती हिरडीवर बसते. तिनं चावता येतं, पण आधीइतकं बारीक कळत नाही."

"मंग हे आधी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही भाकरी खायची म्हणाला होतात, मावशी. बी तपासायचंय हे मला कुठं ठाऊक?"

खरंच होतं ते. नागुबाईला रागवायलाही कुणी उरलं नाही. इतकी वर्षं तिला वाटायचं, ही अक्कल आपल्या डोक्यात आहे. ती तर जबड्यातल्या दोऱ्यांत होती, आणि ते दोरे तिनं आपणहून काढून टाकले होते. दुपारच्या गाडीत ती खिडकीशी बसून रडली.

संध्याकाळी तिनं सुनेला सांगितलं. बुद्धप्रिया चांगली पोर, पण व्यवहाराची पक्की. म्हणाली, "आत्या, झाकली मूठ ऱ्हाऊ द्या. न्हाई उगवलं तर लोक पावसाला बोल लावतील, खताच्या कंपनीला लावतील. तुम्ही सांगायला गेलात तर आपल्या बौद्धवाड्यालाच लावतील. तीस वर्षांचं कुणी ध्यानात ठिवणार न्हाई."

हेही खरंच होतं, म्हणून तर मंगळवारचा सगळा दिवस नागुबाई दार लोटून घरात बसली. बाहेर ट्रॅक्टर जात होते. प्रत्येक आवाजाला ती दाराकडं बघायची, पण उठली नाही.

बुधवारी तिनं पुढ्यातली भाकरी तशीच सारली. ती उठली आणि निघाली. पहिलं घर बसवंतचं. "दादा, माझं चावलेलं बी पेरू नका. उगवण बघा आधी. माझा दात गेला." बसवंत भडकला, "आता सांगतीस व्हय? ट्रॅक्टर दारात आल्यावर? कवा कळलं तुला?"

"आज... आज सकाळी," नागुबाई बोलून गेली.

खोटं एकदा बोललं की पुढच्या घरी तेच बोलावं लागतं. गुरुबसप्पांनी शांतपणे ऐकलं, बी बदलून घेतो म्हणाले. पुढच्या सहा घरांत कुणी कपाळाला हात लावला, कुणी उलट तिलाच धीर दिला. अजून कुणी पेरलं नव्हतं. वाचले बाई, असं नागुबाईला वाटू लागलं.

शेवटचं घर दामिनीचं. नवरा सोमेश ट्रकवर, महिना महिना बाहेर. तीन एकर ही पोरगी एकटी कसायची. नागुबाईनं उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं.

दामिनीनं हातातली टोपली खाली ठेवली. "मावशी, माझं पेरून झालं की वं. तिन्हीच्या तिन्ही एकर."

दामिनीनं पदरानं डोळे पुसले अन् पुढं होऊन नागुबाईचा हात धरला. "जाऊ द्या. दुबार पेरीन. बी कुठून आणायचं ते बघते. तुमचा काय दोष त्यात? तुम्हाला तरी आजच कळलं. या, घरात या, चहा टाकते."

किती सोपं होतं! नुसती मान हलवायची आणि आत जाऊन चहा प्यायचा. वाड्याचं नाव राहिलं असतं, तीस वर्षांची पत राहिली असती. दामिनीचा हात गरम होता. नागुबाईनं आपला हात सोडवून घेतला.

"आज न्हाई, बाई," ती म्हणाली. "मी खोटं बोलले सगळ्यांला. मला परवा कळलं."

दामिनीनं विचारलं, "परवा कवा?"

"सकाळी. उगवण बघितली तवाच."

"मी काल पेरलं, मावशी," दामिनी म्हणाली. "काल दुपारी. तुमच्याच दारावरून ट्रॅक्टर नेला."