न वाजलेला पाना

दिनकरला अलीकडे पाठ फिरवून काम करायची खोड लागली होती. बत्तीस वर्षं जो माणूस शिंकसुद्धा बायकोला सांगून शिंकला, तो आता बोल्ट आवळताना भिंतीकडे तोंड करायचा.

"गाडीखाली काय नवी नवरी हाय?" रत्नप्रभाने काल दारातून विचारलं होतं. "एवढं काय लाजतायसा?"

"तू चहा टाक."

"टाकलाय. तोबी पाठ फिरवूनच प्या."

मिरजेहून एका साहेबाची गाडी चालवत तो जयपुरात आला. साहेबाची बदली झाली, हा इथेच राहिला. शहराच्या कडेला सांगानेरात, कापड छपाईच्या कारखान्यांना लागून त्याने गॅरेज टाकलं. दुसरीपर्यंत शिकलेली रत्नप्रभा तिथेच पाने द्यायला शिकली. बोल्टांना लावायच्या औषधांच्या बाटल्यांवरचं इंग्रजी तिला वाचता येत नसे, पण लाल औषध लावलेल्या बोल्टाला आग दाखवावी लागते, निळं लावलेला पान्यानेच उघडतो, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. बाकीचं दिनकरनेच शिकवलेलं. "आवळायचं काम पान्याचं. औषध नुसती राखण करतं, हादऱ्यानं बोल्ट फिरू नये म्हणून."

आज दुपारी डाळ उकळत होती आणि तिची नजर मनगटावरच्या डागावर गेली. महिन्यापूर्वी कुकरच्या मुठीचा स्क्रू सैल झाला, तेव्हा हाताशी पेचकस नव्हता. तिने निळ्याचे दोन थेंब सोडले. आठ दिवस मूठ हलली नाही. नवव्या दिवशी ती हातात आली आणि गरम डाळ मनगटावर.

तिने गॅस बंद केला. काल दिनकरने जॅकवरच्या गाडीच्या ब्रेकचे चार बोल्ट बसवले, आणि टॉर्क पाना एकदाही वाजला नव्हता. हवा तेवढा जोर लागला की तो "टक्" करतो. बत्तीस वर्षं ती त्या आवाजावर पुढचा बोल्ट हातात ठेवत आली होती.

दिनकर आतल्या खोलीत आडवा झाला होता. ती गुडघे धरत जॅकवरच्या गाडीखाली शिरली, टॉर्क पाना चढवला, आवळायच्या बाजूला ओढला. टक् न होता करकर करत बोल्ट फिरला आणि वाळलेल्या औषधाचा निळा भुगा तिच्या तळहातावर पडला. दुसराही तसाच. तिसराही. चौथ्याला तिने डोळे मिटून घेतले.

"काकी, झाली ना गाडी?" दारात प्रतिमा उभी होती, प्रताप नगरातली विमा कंपनीतली बाई. गाडी तिचीच. "मतलब, पहाटे पाचला निघायचंय. मुलीला, सलोनीला, कोट्याला सोडायचंय, क्लास सुरू होतायत तिचे."

"न्हाई झाली. बसा."

"काका तर कालच म्हणाले की–"

"काकांना काय म्हनायचं ते म्हनू द्या. आता आवळून देते. रातभर गाडी हितंच ऱ्हाईल, औषध वाळाय पायजे. पाचला या."

आवाजाने दिनकर बाहेर आला. तिने मूठ उघडून भुगा दाखवला.

"हातानं बोल्ट हलवून बघितला होता," तो म्हणाला. "हलत न्हवता."

चारही बोल्ट काढून तिने ब्रशने घासले, निळ्याचा थेंब सोडला, आणि पान्यावर अंगाचा सगळा भार टाकला. टक्. टक्. टक्. चौथ्या बोल्टावर चढवलेला पाना तिने त्याच्या हातात दिला.

"ओढा."

त्याने दोन्ही हातांनी धरला. पाना थरथरला, त्याचे खांदे थरथरले, कपाळाला घाम फुटला. बोल्ट जागचा हलला नाही. प्रतिमा मोबाईलमध्ये बघू लागली. मग रत्नप्रभाने त्याच्या मुठींवर आपल्या मुठी ठेवल्या आणि ओढलं. टक्.

प्रतिमा गेल्यावर तिने विचारलं, "असं कदीपास्नं?"

"दिवाळीपास्नं."

"किती गाड्या?"

तो बोटांवर मोजू लागला. उजव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. "सात."

बाहेर रंगीत चादरी वाळत होत्या. त्यांच्यापलीकडून गाड्या जात होत्या, लेकराबाळांनी भरलेल्या. त्यातली एखादी त्या सातांतली असेल. तिने फडक्याने त्याच्या बोटांवरचा निळा भुगा पुसला. मग त्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं. दिवाळीपासून रोज सकाळी ती त्याची बटणं लावत होती, काही न विचारता.

"आवं," ती म्हणाली, "सैल बोल्टाला औषध सैलच धरून ठेवतंय. मीबी तेच केलं, बटनं लावली आन् गप बसले. साती गाड्यांना आत्ता फोन लावा, चाक हलवू नका म्हनावं. मी आवळीन त्या. मग शटरबी मीच खाली वडीन, कायमचं. तुमचा हात गेला."