नकाशेवाल्यांचं यंत्र तारीख का विसरायचं

जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत माणसं इतकी दाटली होती की आतल्यांना बाहेर पडता येत नव्हतं आणि बाहेरचे टाचा उंचावून पुढच्याला विचारत होते.

"आली का? आजची तारीख आली का?"

"थांबा हो, बाबांनी आत्ताच सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलंय."

मी अंग चोरून आत शिरलो. मी घड्याळं दुरुस्त करतो. वय सदुसष्ट. चमत्कार कसा केला ते शोधून काढायला लोक मला अधूनमधून बोलावतात आणि खरं सांगायचं तर मला आता त्याचा कंटाळा आलाय. दर वेळी बाबा नवा असतो, गर्दी मात्र तीच. या वेळी मी नाहीच म्हणणार होतो. पण फोन नकाशेवाल्यांच्या सुनेचा होता. "काका, उद्या मला माहेरी सोडणार आहेत. परत आणायला कुणी येणार नाही," एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

नकाशेवाले माझे जुने स्नेही. जमिनींचे, रस्त्यांचे, पाइपलाइनींचे नकाशे काढायचे. तीस वर्षं एकाच कॉम्प्युटरवर बसले. राखाडी रंगाचा चपटा डबा आणि वर ट्रंकेएवढा जड पडदा. आठ महिन्यांपूर्वी ते हृदयविकाराने गेले आणि यंत्र बंद राहिलं. सहा महिन्यांनी मुलाने वडलांचे नकाशे काढायला म्हणून ते चालू केलं, तर पडद्यावर तारीख आली १ जानेवारी १९७०. वेळ रात्री बारा वाजून सात सेकंद. वर इंग्रजीत एक ओळ, आणि पुढे काही चालेना. खालच्या मजल्यावरच्यांनी मग काळबाबांना आणलं.

बाबांनी वहिनींना, म्हणजे नकाशेवाल्यांच्या बायकोला, विचारलं, "त्या वर्षी त्यांना काही मोठं दुखणं झालं होतं?"

वहिनी म्हणाल्या, "तेव्हा ते बारा वर्षांचे. गोवर झाला होता म्हणे."

झालं! गोवर कुणाला होत नाही? पण बाबांनी मांडीवर थाप मारली. "त्या क्षणापासून ते पुन्हा आयुष्य मोजतायत. परत यायच्या वाटेवर आहेत." इंग्रजी ओळीचा अर्थही त्यांनीच लावला: "या घरात मी कुणालाच ओळखत नाही." सून म्हणाली, "आई, तसं नाही लिहिलेलं. यंत्राच्या ओळखीची नोंद चुकीची आहे, असं लिहिलंय." त्या दिवसापासून ती घराच्या डोळ्यांत खुपायला लागली.

बाबांनी पाच मिनिटं सगळ्यांना डोळे मिटायला लावले. डोळे उघडले तर पडद्यावर आजची तारीख! "आता हे बंद करू नका. बंद केलंत तर त्यांची वाट तुटेल." दोन दिवसांनी सुनेने इस्त्रीसाठी त्याचा प्लग काढला आणि पुन्हा १९७० आलं. बाबांनी परत आजची तारीख आणली, तर पुढच्या आठवड्यात गल्लीतली वीज गेली. पुन्हा १९७०. त्या वेळी ती बाजारात होती, पण बाबा म्हणाले, "हिची सावली लागली." दोन महिने वहिनी त्या पडद्यापुढे बसून होत्या. धड जेवण नाही, झोप नाही, नवऱ्यासाठी डोळ्यांत एक थेंब नाही. परत येणाऱ्या माणसासाठी रडायचं कशाला?

मी आत पोचलो तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. टकटक, टकटक असा आवाज येत होता.

"हा आवाज ऐकताय?" काळबाबा घुमले. "ही त्यांची पावलं!"

मी डोळे उघडेच ठेवले होते. बाबांची बोटं कीबोर्डवर चालली होती. मधेच त्यांनी खिशातून मनगटी घड्याळ काढून वेळ पाहिली आणि परत खिशात टाकलं. 'मला घड्याळ लागत नाही, काळ माझ्या मुठीत आहे' असं सांगणाऱ्या या माणसाच्या मनगटावर पट्ट्याचा पांढुरका वळ होता. मी तर आयुष्यभर मनगटंच बघत आलोय.

"उघडा डोळे!"

आजची तारीख, आत्ताची वेळ. लोकांनी हात जोडले. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, भरलेली बॅग पायाशी.

मी पुढे झालो. "बाबा, एक विनंती. दोष सुनेच्या हातात आहे ना? मग आज तुमच्या हाताने हे बंद करा आणि चालू करा. तारीख टिकली तर मी स्वतः हिला गाडीत बसवून देतो."

"आत्म्याची परीक्षा बघू नये!"

"आत्म्याची कुठे? बटणाची बघू."

बाबा मला हाकलायच्या बेतात होते. पण वहिनीच बोलल्या, अगदी भाबडेपणाने. "करा ना, बाबा. तुमचा हात ते ओळखतील." गर्दीतूनही आवाज उठला, "हो हो, बाबांच्याच हाताने!"

आता माघार घेता येईना. बाबांनी बटण दाबलं. पडदा काळा झाला. पुन्हा दाबलं. यंत्र घरघरलं, ती इंग्रजी ओळ आली आणि खाली तारीख उमटली. १ जानेवारी १९७०.



"इथे कुणीतरी अश्रद्ध आहे!" बाबा ओरडले.

"आहे ना, मी आहे. पण मागच्या दोन्ही वेळी मी नव्हतो. तेव्हाही तारीख हीच आली होती."

मी डब्याचे स्क्रू काढले. आत धूळ, आणि मधोमध चॉकलेटएवढी एक काळी चिप. "वहिनी, यंत्राचं घड्याळ हे. आपण वीज बंद केली तरी ते चालत राहावं म्हणून याच्या पोटात बारीक बॅटरी कोंडलेली असते. यंत्राची ओळखही तीच सांभाळते. ही बॅटरी मेलीय. वीज असेपर्यंत यंत्राला सगळं आठवतं. वीज गेली की ते विसरतं आणि मोजणी शून्यापासून धरतं. यांच्या मोजणीचा शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०. असं कुठलंही यंत्र, कुणाच्याही घरात, हीच तारीख दाखवील."

बाबा 'ध्यानाची वेळ झाली' म्हणून निघाले. वेळ त्यांना कुणी सांगितली, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मग मी कामाला बसलो. कानशीने चिपचं प्लास्टिक घासत गेलो, बॅटरीच्या दोन तारा उघड्या केल्या, जुनी जोडणी तोडली. दोन नव्या तारा डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडल्या आणि त्यांच्या टोकांना घड्याळात घालतात तसला गोल सेल बसवला. चमत्काराला जिना भरला होता. डाख बघायला चार माणसं उरली.

चिपवरच्या चिकटपट्टीवर यंत्राचा ओळख क्रमांक होता. सुनेने तो वाचून टाइप केला, तारीख घातली. मग मी तिलाच म्हटलं, "आता तू बंद कर. प्लगही काढ." दहा मिनिटं आम्ही थांबलो. तिने पुन्हा चालू केलं.

तारीख आजची होती. वेळ बरोबर दहा मिनिटं पुढे सरकली होती.

वहिनींनी पडद्यावरच्या तारखेवर बोट टेकवलं. "म्हणजे भावजी, ते नव्हतेच इथे?"

"नव्हते, वहिनी. ते आठ महिन्यांपूर्वीच गेले."

तेव्हा त्या रडल्या. आठ महिन्यांचं सगळं एकदम आलं. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सुनेने त्यांना पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, मी चार दिवस जाऊन येते. माझं मन थाऱ्यावर नाही."

"येशील ना?"

"येईन."

ती आली. पण अकरा दिवसांनी. आणि त्याबद्दल तिला कुणी काही विचारलं नाही, हेही बरंच झालं.

काळबाबा आता नदीपलीकडच्या वस्तीत आहेत असं ऐकतो. तिथे एक पंप आपोआप बंद पडतो आणि त्याचा दोषही एका बाईवरच आलाय. मला बोलावलंत तर पाय ओढत का होईना, येईन. पण मी येईपर्यंत थांबू नका. कुणाच्या हाताला, पायाला, सावलीला दोष द्यायच्या आधी तेच बटण दुसऱ्या माणसाला दाबायला सांगा. काय होतं ते उघड्या डोळ्यांनी बघा. त्याला बाबा लागत नाही आणि घड्याळजीही लागत नाही.