दसऱ्याचा रंग आणि कोरडी पिन

मित्रांनो, मी एक जुना डंपर आहे. जुना म्हणा, पण म्हातारा म्हणू नका, नाहीतर हॉर्न वाजवीन. हमरस्त्यावर तुम्हांला दिसतात ते माझे धाकटे भाऊ. मी इतका रुंद आहे की मला त्या रस्त्यावर यायची परवानगीच नाही. मी डोंगरातच राबतो. सध्या हरसूलच्या पुढे एका धरणाचं काम चाललं आहे. वरच्या खाणीतला दगड मी उतारावरून खाली बांधावर आणून ओततो. बांध आता चांगला उंच दिसतो, आणि त्यातला बराचसा मीच आणला आहे. हे सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या अंगात पुष्कळ सांधे बसवले. सांध्यात लोखंडाची जाड पिन असते, आणि लोखंडावर लोखंड कोरडं फिरलं की झिजतं. म्हणून प्रत्येक सांध्याला ग्रीस घालायचं एक बारीक तोंड असतं. त्याला निपल म्हणतात. त्यावर ग्रीस गन घट्ट बसवून दांडा दाबला की नवं ग्रीस आत जातं. सांध्याच्या कडेने जुनं काळं ग्रीस बाहेर आलं, की समजायचं, पोट भरलं. एवढं जेवण वेळेवर मिळालं तर चढ असो की चिखल, मी मागे हटत नाही.

रोज सकाळी हे जेवण आमचे ग्रीसवाले केरूकाका घालतात. ऑईल, फिल्टर, ब्रेक यांचं काम प्रतिभाताई बघतात. त्या आमच्या वर्कशॉपच्या इंजिनिअर, मूळच्या मालेगावच्या. माझ्या मीटरवर ठरलेले तास भरले की त्या गाडी उभी करतात, मग साहेब कितीही ओरडोत. मला चालवतो लहानू, सुरगाण्याकडचा. त्याला डंपर चालवायला केरूकाकांनीच शिकवलं, म्हणून तो त्यांच्यापुढे कधी शब्द काढत नसे. हा त्याचा गुणच होता, पण त्याच गुणाने आम्हांला एकदा खड्ड्याच्या काठावर नेलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. काकांना माझं फार कौतुक. त्यांनी मला धुतलं आणि स्वतः पिवळाधमक रंग दिला. दोन-दोन हात दिले, एक कोपरा सोडला नाही. दसऱ्याला झेंडूच्या माळा घालून मी उभा राहिलो तेव्हा शेजारच्या पोकलेनने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हेवा, दुसरं काय?

पण त्या रंगाने माझी निपलंही झाकली गेली होती. सण झाल्यावर काका गन घेऊन आले, तेव्हा नव्या रंगाला ओरखडा पडू नये म्हणून ती हलक्या हाताने टेकवू लागले. ग्रीस आत न जाता निपलच्या बाहेरच ओघळायचं. काका ते मऊ फडक्याने पुसून घ्यायचे. ग्रीस बाहेर आलं, म्हणजे पोट भरलं, असं त्यांना वाटे. वरून मी नवरदेव आणि आतून उपाशी. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तसं माझं झालं.

मग पुढच्या चाकाजवळची पिन किंचाळू लागली. मला दुसरी भाषा येत नाही. लहानूने ती ऐकली. चहाच्या वेळी तो म्हणाला, "काका, गाडी वळायला जरा..."

"जरा काय?" काका हसले. "कशी झळकतीय बघ. रोज माझ्या हातानं ग्रीस मारतो मी तिला."

"नाय, काय नाय," म्हणत लहानूने चहा संपवला. मला त्याचा रागच आला.

हरसूलच्या बाजाराच्या दिवशी हौदा भरून आम्ही उतरत होतो. वळणावर बाहेरच्या कडेने खालच्या पाड्यावरच्या गोजराबाई आणि दोन बायका डोक्यावर पाट्या घेऊन चढत होत्या. वळताना माझं चाक फिरलं, पण पुन्हा सरळ होईना. पिन अडकली होती. माझं तोंड थेट त्या बायकांकडे होतं. लहानूने सगळा जोर लावून ब्रेक दाबला. त्या ब्रेकची सर्व्हिसिंग प्रतिभाताईंनी वेळेवर केली होती. मी रस्त्याच्या कडेला घातलेल्या मुरमाच्या वरंब्याला नाक लावून थांबलो. गोजराबाईंची पाटी पडली आणि कांदे उतारावर गडगडत गेले.

"लहानू, पोरा, मारलं असतंस रं," त्या म्हणाल्या आणि हाताशी राहिलेले कांदे पाटीत गोळा करू लागल्या.

प्रतिभाताईंनी तिथेच पिन काढली. ती तापून निळी पडली होती.

"आवाज कधीपासून येत होता?" त्यांनी विचारलं.

"लय दिस झालं, ताई."

"मग सांगितलं का नाही?"

लहानूने काकांकडे पाहिलं. काका निपलवर नख घासत होते. पिवळी खपली निघून त्यांच्या नखात आली.

"गाडीचं तोंड मीच बुजवलं," ते म्हणाले. "आन् तुझं बी."

मग स्वतःच दिलेला रंग त्यांनी सांध्यासांध्यावरून खरवडला. मला ओरखडे पडले, आणि पोटभर ग्रीसही मिळालं.

यंदाच्या खंडेनवमीला काकांनी आधी प्रत्येक निपलला चिंधी बांधली, मग रंग दिला. नंतर चिंध्या काढून ग्रीसही मारलं. दसऱ्याला नवा पांढरा सदरा घालून ते नारळ फोडायला उभे राहिले, एवढ्यात सगळ्यांसमोर लहानू म्हणाला, "काका, उजव्या चाकाची चिंधी तशीच हाय."

काकांनी नारळ खाली ठेवला, गन उचलली आणि त्या सदऱ्यासकट माझ्याखाली शिरले.

मित्रांनो, तुमच्या सायकलला माळ जरूर घाला, पण आधी तिची चेन बघा. आणि कुणी किंचाळलं, मग ते यंत्र असो की माणूस, तर त्याच्यावर "काय नाय" म्हणायची वेळ आणू नका. काका बाहेर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ग्रीसचा काळा पट्टा उमटला होता. तो पुसायला लहानू पुढे झाला, तर काका म्हणाले, "राहू दे."