महिनाभर तीन अंश

पांडुरंगरावांच्या केबिनमध्ये राष्ट्रीय दर्जाचं प्रमाणपत्र टांगलेलं होतं आणि दर शुक्रवारी त्याला मोगऱ्याचा हार पडे. तमिळनाडूतल्या साक्कोट्टैच्या त्या चिकन कारखान्यात ते नऊ वर्षं गुणवत्ता अधिकारी होते. नऊ वर्षांत त्यांनी कोंबड्या कापायच्या दालनात पाऊल ठेवलं नव्हतं. आत गेलं की घरी विठ्ठलापुढे बसण्याआधी पुन्हा आंघोळ आली. रजिस्टर काय, केबिनमध्ये बसूनही भरता येतं.

मधुमिताला हे कळायला आठ दिवस पुरले. ती प्रयोगशाळेत नवी होती. पांडुरंगराव तिच्या आईचे चुलतभाऊ. नोकरी त्यांनीच लावली होती आणि तेही ते रोज ऐकवत.

शनिवारी दुपारी तिच्या हातात बुधवारच्या मालाचा अहवाल आला. साल्मोनेलाचे जंतू सापडले होते. सहाशे किलो गोठवलेलं चिकन चार वाजता एका इस्पितळाच्या स्वयंपाकघराकडे निघणार होतं. तीन वाजून गेले होते. ती अहवाल घेऊन केबिनमध्ये गेली, तेव्हा व्यवस्थापक सतीशकुमार तिथेच बसले होते.

"नमुना घेताना तुझाच हात लागला असेल," पांडुरंगराव मराठीत म्हणाले. मग सतीशकुमारांना कळावं म्हणून तमिळकडे वळले, "पोर नवखी आहे, सार. रजिस्टर बघा ना. बुधवार: गार पाणी तीन अंश, क्लोरीन ठीक. खाली माझी सही."

सतीशकुमारांना रजिस्टर पटलं. गाडी थांबवायची नसली की त्यांना कोणताही कागद पटे.

मधुमिताने पानं उलटली. महिनाभर तीन अंश. एकच शाई, एकच वळण. अंगाची लाहीलाही होत होती, पण आवाज तिने गोड ठेवला आणि तमिळमध्येच विचारलं, "मामा, बुधवारी एकादशी होती ना?"

"होती. मग?"

"म्हणजे एकादशीला तुम्ही कोंबड्या गार करायच्या हौदाशी उभे होतात? थर्मामीटर बुडवत?"

पांडुरंगराव ताडकन उठले. "जिभेला काही हाड? एकादशीला मी या गेटच्या आत पाऊल ठेवीन? पहाटेपासून मठात होतो, भजनाला. शंभर माणसं सांगतील!"

पांडुरंगराव अजून रागातच होते. आपण काय बोललो ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"मग ही सही, सार?" सतीशकुमारांनी विचारलं.

"ती... एक तारखेलाच करून ठेवतो. महिन्याची."

सतीशकुमारांनी ड्रायव्हरला फोन लावला. इस्पितळातल्या रोग्यांची त्यांना काळजी नव्हती. पेपरात कारखान्याचं नाव आलेलं मात्र परवडणार नव्हतं. "माल उतरवून परत शीतगृहात ठेव. रोखलेल्या मालाची लाल पट्टी लागेल."

लाल पट्टी गुणवत्ता अधिकाऱ्यानेच बांधायची, असा नियम होता. पांडुरंगरावांनी पट्टीवर सही केली आणि ती मधुमितापुढे सरकवली. "तू बांधून ये."

"सह्या पुष्कळ झाल्या, मामा." तिने रबरी बूट त्यांच्यापुढे ठेवले.

ते त्यांनी दोन बोटांनी उचलले, कसेबसे पायांत चढवले. रुमाल नाकाशी धरून ते बाहेरच्या बोळात आले. समोर सारखीच तीन दारं होती; शीतगृहाचं त्यांतलं एक. मधुमिता हाताची घडी घालून उभी राहिली.

पांडुरंगरावांनी जरा विचार केला आणि मोठ्या रुबाबात पिसांच्या खोलीचं दार उघडलं.