रविवारच्या खेळाला अक्षरं

ज्योत्स्ना साळवे सिरसाळ्याच्या शाळेत शिकवत असतानाच त्यांचे दोन्ही कान गेले. मशीन लावलं की नुसता गलका यायचा, शब्द सुटे व्हायचे नाहीत. तरी नवरा होता तोवर दोघं महिन्यातून एकदा परळीला पिक्चरला जायची. आश्रुबा अंधारात त्यांच्या तळहातावर बोटानं एकेक शब्द लिहायचे. ते वारले, तशा बाई एकट्याच जाऊ लागल्या. सगळं थेटर हसलं की शेजारच्यांचे चेहरे बघून त्या मागाहून हसायच्या.

एकदा त्या थेट मालकाला, बंकटरावांना भेटल्या. "पडद्यावर खाली मराठी अक्षरं येऊ द्या. मला वाचता येतं."

बंकटरावांनी मोबाइलवर लिहून दाखवलं, "लोकायला मधी अक्षरं नको वाटतेत मॅडम."

बाईंनी अर्ज लिहिला. चार महिने परळी, सिरसाळा, माजलगाव हिंडून कमी ऐकू येणाऱ्या एकसष्ट जणांच्या सह्या आणल्या. शेवटी बंकटराव कबूल झाले, महिन्यातला एक बुधवार, दुपारी बाराला.

त्या बुधवारी नऊच माणसं आली. बाकीच्यांना कामं होती. पडद्यावर अक्षरं उमटली आणि एका भांडणाच्या प्रसंगाला बाई कुणाकडे न बघता खदखदून हसल्या. मग आजूबाजूला पाहिलं. रांगाच्या रांगा रिकाम्या होत्या.

"खूश ना मॅडम?" खेळ सुटल्यावर बंकटरावांनी लिहिलं.

"माझ्या वडिलांना शाळेत वर्गाबाहेर बसवायचे," बाई म्हणाल्या. "शिकवायचे, पण वेगळं बसवून. मला वेगळा खेळ नको. रविवारच्या गर्दीत बसू द्या."

बंकटरावांनी काहीतरी लिहिलं, पुसलं. मग नुसतं "बगतो" एवढंच दाखवलं.

दोन महिन्यांनी एका रविवारी भरल्या थेटरात अक्षरं आली. दोघंतिघं कुरकुरले, मग तेही वाचू लागले. त्या दुपारी बाई सगळ्यांबरोबर हसल्या, सगळ्यांबरोबर डोळे पुसले.

बाहेर पडताना शेजारची अनोळखी बाई त्यांच्या खांद्याला हात लावून हसत काहीतरी बोलली.

"काय म्हणालात? मला ऐकू येत नाही."

तोवर ती जिना उतरून गर्दीत गेली होती. पिक्चरबद्दलच बोलली असणार, असं मनाशी म्हणत बाई सिरसाळ्याच्या गाडीसाठी स्टँडकडे चालू लागल्या.