पुरळ कशामुळे?

आमचं काम म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला ठरलेला कोड लावायचा. पण त्यांनी लिहिलं तर ना! या रुग्णाच्या फाइलीत नुसतंच 'पुरळ' होतं. कशामुळे, याचा पत्ता नाही. माझं डोकंच फिरलं. फाइल उचलून मी थेट वॉर्डात गेले.

"अहो, उघड आहे," डॉक्टर म्हणाले. "याला बहिणीच्या मूळपेशी दिल्यात. त्या याच्या शरीराला परकं समजून त्वचेवर तुटून पडल्यात. औषधानं येतंय आटोक्यात."

"उघड आहे, तर लिहा की!"

खाटेवरचा भाऊ अंग खाजवत हसला. "परकं कसलं? ताईच्याच पेशी त्या. मला बघितलं की हात शिवशिवणारच."

डॉक्टरही कमी नाहीत. मी पुढे केलेल्या कागदावर त्यांनी कारण लिहिलं, 'ताई'.

"खोडा ते आधी!" मी कडाडले. "ताईला कोड नाही!"

उशाशी बसलेली ताई उसळलीच. "नाही कसा? याचे सगळे लाडकोड मीच पुरवलेत!"